गोलकीपरचे सामान पारखताना

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या मंडळाकडे एक भली मोठी पिशवी आली. वस्तीतील एका कुटुंबाचा मुलगा नोकरीनिमित्त कॅनडात आहे. आपल्या वस्तीतल्या मुली हॉकी खेळतात, त्यातली एक गोलकीपर आहे, हे त्याने आईकडून ऐकले होते. तिकडच्या शेजाऱ्यांच्या मुलाचे जुने झालेले सगळे सामान त्याने मागून घेतले आणि सुटीवर येताना सोबत आणले. वजन वीस किलोच्या घरात. आम्ही विहाराच्या हॉलमध्ये छोटासा कार्यक्रम ठेवला, चार शब्द बोललो, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. मुलगी तेरा वर्षांची. ती पॅड अंगाशी धरून उभी होती आणि तिची आजी डोळे पुसत होती.

पंधरा दिवसांनी मुलीची आई आम्हाला रेशनच्या दुकानापाशी भेटली. म्हणाली, "भाऊ, पोरीच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. लंगडत चालते, पण सांगत नाही. म्हणते, सांगितलं तर काका सामान परत घेतील."

वाचकहो, हे ऐकून आम्हाला वाईट वाटले आणि लाजही वाटली. कचेरीत दोन रुपयांची पावती तपासल्याशिवाय आम्ही सही करीत नाही. इथे वीस किलो सामान एका लेकराच्या अंगावर चढवले आणि ते कशाचे आहे हे पाहिलेसुद्धा नाही! फुकट मिळाले ना, मग तपासायचे काय, असेच आमच्या मनात होते.

पुढच्या रविवारी रेल्वेच्या संघातून पूर्वी गोलकीपर खेळलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना घेऊन आम्ही मैदानावर गेलो. त्यांनी पिशवी उघडली आणि हसून म्हणाले, "साहेब, हे बर्फावरच्या हॉकीचं आहे."

कॅनडात नुसते हॉकी म्हटले की बर्फावरची हॉकी. आपण ज्याला हॉकी म्हणतो तिला तिकडे मैदानी हॉकी म्हणावे लागते. तिथे चेंडू नसतो, कडक रबराची चपटी चकती असते. चकतीचे वजन १५६ ते १७० ग्रॅम आणि आपल्या चेंडूचे १५६ ते १६३ ग्रॅम. म्हणजे मार जवळपास सारखाच, मग सामान का चालू नये? उत्तर पायात आहे. बर्फावरच्या गोलकीपरच्या पायात पात्याचा बूट असतो. तो बूटच टणक कवचासारखा, म्हणून पॅड बुटाच्या वर येऊन थांबतो, पंजासाठी वेगळे काही लागत नाही. आमच्या मुलीच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. मैदानी हॉकीतला गोलकीपर बहुतेक चेंडू पायानेच मारून बाहेर काढतो, त्यासाठी बुटावरून चढवायचे जाड फोमचे किकर असतात. किकर पिशवीत नव्हतेच, असणार कुठून! पोरगी पंधरा दिवस उघड्या पायाने हॉकीचा चेंडू अडवीत होती.

नियमांतही हे स्पष्ट आहे. गोलकीपरने निदान हेल्मेट, पायाचे पॅड आणि किकर घातलेच पाहिजेत. म्हणजे एखाद्या स्पर्धेत पंचांनी तिला बाहेर काढले असते, ते बरे झाले असते.

बाकीचे सामानही त्या गृहस्थांनी एकेक करून पाहिले. पॅडची रुंदी नियमात बसत होती. आपल्याकडे पायावर बांधलेल्या पॅडला ३० सेंटिमीटरची मर्यादा आहे. पण ते मांडीपर्यंत लांब आणि पायावर सैल. बर्फावर गुडघे टेकून सरकायचे असते, म्हणून ते तसे बनवतात. आपल्याकडे पुढे धावत यावे लागते, त्यात पोरीचे पाय एकमेकांत अडकत होते. डाव्या हाताचा मोजा चकती झेलून धरायचा, खोबणीचा. आपल्या खेळात गोलकीपरला चेंडू धरून ठेवता येत नाही, तेव्हा तो मोजा निरुपयोगी. छातीचे चिलखत चांगले होते, पण थंडगार बर्फाशेजारी घालायचे ते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात घालून कोणी अर्धा तास टिकणार नाही. राहिले हेल्मेट. वर सुंदर नक्षी रंगवलेली, आणि त्या नक्षीखाली कानापाशी बोटभर तडा.

हेल्मेटबद्दल थोडे अधिक लिहितो. बर्फावरच्या हॉकीत कित्येक वर्षे मोठमोठे गोलकीपर उघड्या तोंडाने खेळत. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या सामन्यात मॉन्ट्रियलच्या जॅक प्लांट यांच्या तोंडावर चकती बसली. टाके घालून ते परतले ते मुखवटा घालूनच. त्यांच्या प्रशिक्षकाला तो मुखवटा पसंत नव्हता. तोंड झाकणे म्हणजे भित्रेपणा, असे तेव्हा पुष्कळांना वाटे. आपल्या मैदानांवरही अशी भाषा अजून कानावर येते. पेनल्टी कॉर्नरचा फटका ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो, त्याला धीटपणा दिसत नाही.

तेव्हा हेल्मेट घेताना मुलाच्या डोक्यावर घालून, पट्टा बांधून, मान जोरजोरात हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरले पाहिजे, मागे राहता कामा नये. जाळी नाकाला टेकू नये. आमच्या त्या हेल्मेटच्या जाळीतून चेंडू जात नव्हता, पण काठीची मूठ डोळ्यासमोरच्या फटीतून आत शिरली. जुने असेल तर आतला फोम, स्क्रू आणि कवच उजेडात धरून पाहा. तडा गेलेले हेल्मेट चिकटवून वापरायचे नसते. कितीही जीव तुटला तरी ते टाकून द्यावे, नाहीतर दुसरे कोणी गरीब लेकरू ते उचलून घालते. गळ्याचा पट्टा स्वस्त असतो आणि म्हणूनच विसरला जातो. तो आधी घ्या.

पॅड आणि किकर यांची परीक्षा अंगठ्याने करावी. फोम दाबून सोडला की लगेच पूर्ववत झाला पाहिजे. खळगा राहिला तर त्याचा जीव संपला असे समजा. चांगल्या घट्ट फोमवरून चेंडू लांब उडतो. पूर्वीच्या कापूस-कामट्यांच्या पॅडवर तो जागीच पडे आणि समोरचा खेळाडू दुसरा फटका मारी. किकर नेहमीचे बूट घालूनच चढवून पाहावेत. डावा-उजवा वेगळा असतो. तळव्याखालचे पट्टे आणि बक्कल आधी झिजतात, ते बदलून मिळतात का, हे दुकानातच विचारावे. पॅड आणि किकर यांच्यामध्ये घोटा उघडा राहत असेल तर तो जोड घेऊ नये.

इथे आपल्या घरोघरची एक सवय आडवी येते. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, दोन वर्षे पुरावा म्हणून. पॅडच्या बाबतीत तसे करू नका. पॅडचा गुडघ्याचा भाग गुडघ्यावरच बसला पाहिजे. मोठा पॅड खाली घसरतो, गुडघा उघडा पडतो आणि मूल पडते. हवे तर मंडळाने लहान आणि मोठा असे दोन संच ठेवावेत आणि मूल वाढले की पॅड पुढच्याला द्यावेत.

छातीचे कवच घातल्यावर मुलाला वाकायला आणि दोन्ही हात वर करायला सांगा. गळ्याखालचे हाड झाकलेले राहिले पाहिजे.

आणि एक गोष्ट, जी शिकवणारे सर बोलत नाहीत आणि मुली विचारत नाहीत. ओटीपोटाखालचे संरक्षक कवच मुलींसाठी वेगळ्या घडणीचे येते. आमच्या मुलीला ते नव्हते. तिने कोणाला सांगितले नव्हते, कारण मैदानावर सगळे पुरुष. आयांनो, दुकानात तुम्ही स्वतः जा आणि स्पष्ट शब्दांत मागा. यात लाजण्यासारखे काही नाही.

खर्चाचे म्हणाल तर आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. वर्गणी ९,३५० रुपये जमली. एवढ्यात पूर्ण नवा संच येत नाही. ज्येष्ठ गृहस्थांच्या सल्ल्याने आधी पायाचे पॅड, किकर आणि गळ्याचा पट्टा नवे घेतले, भारतीय बनावटीचे. हेल्मेट त्यांच्या ओळखीने एका क्लबकडून वापरलेले, पण धड मिळाले. छातीचे कवच पुढच्या हप्त्यात. दुकानदार एक परदेशी नावाचा संच दाखवीत होता, छान होता, पण वर्षाचा घसारा मांडून पाहिला तर वाढत्या वयाच्या मुलीसाठी तो परवडत नाही.

घरात पैसा नाही म्हणून मूल मागे राहिलेच पाहिजे असे नाही. पी. आर. श्रीजेश यांच्या शेतकरी वडिलांनी गाय विकून मुलाला गोलकीपरचे सामान घेऊन दिले. तोच मुलगा २०२१ आणि २०२४ साली ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आला. आपल्या यवतमाळचा आकाश चिकटे २०१६ च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध भारताच्या गोलमध्ये उभा होता. पण गाय विकून घेतलेले सामानसुद्धा मापाचे असावे लागते.

सामान वाळवण्याविषयी. घाम शिरलेला फोम बंद पिशवीत कुजतो. खेळून आल्यावर पिशवी उघडी टाकावी, सगळे सावलीत वाऱ्याला लावावे. कडक उन्हात नको, फोम कडक होऊन तडकतो. एका खोलीच्या घरात जागा कुठली, हे आम्हाला ठाऊक आहे. या मुलीच्या घरी दाराबाहेरच्या दोरीवर किकर लटकतात आणि शेजारी कुरकुरतात. मंडळाच्या खोलीत दोन खिळे ठोकून देण्याचे ठरले आहे.

नख आता नवे येत आहे. मुलगी परवा आमच्याकडे येऊन विचारून गेली, "काका, ते बर्फाचं सामान कोणाला देणार?" कॅनडातल्या त्या मुलाला आम्ही सगळे खरेखुरे कळवले. तो आधी खट्टू झाला, मग त्यानेच सुचवले की हे लडाखला द्या. तिथे थंडीत तळी गोठतात आणि मुली त्यावर खेळतात. २०२५ साली बर्फावरच्या हॉकीच्या महिला आशिया चषकात भारताने कांस्यपदक मिळवले, त्या संघात लडाखच्या मुलींचाच भरणा होता. तडा गेलेले हेल्मेट आम्ही फोडून टाकले. पॅड, मोजे आणि चिलखत उत्तम आहेत. पिशवी सध्या आमच्या पलंगाखाली आहे आणि सौ. रोज झाडताना तिचा उद्धार करीत असतात. लेहकडे सैन्यात नोकरीस असलेला आपला कोणी बांधव सुटीवर आला असेल आणि वीस किलोतले हेल्मेट वजा जाता उरलेले ओझे नेण्याची त्याची तयारी असेल, तर मंडळाकडे जरूर निरोप द्यावा.