मांजर हाकलण्याआधी हात धुवा

घरात सुनेला दिवस गेल्याची बातमी आली की पहिली गदा पुष्कळदा मांजरावर येते. ‘गरोदर बाईच्या घरात मांजर नको’ असे शेजारीण सांगते, कुणीतरी मोबाइलवर आलेला संदेश दाखवते आणि संध्याकाळपर्यंत मांजर पोत्यात घालून शेजारच्या शिवारात सोडले जाते. औंढा नागनाथसारख्या शेतीच्या तालुक्यात मांजर हे केवळ लाडाचे जनावर नाही. धान्याच्या पोत्यांची राखण तेच करते. ते गेले की उंदीर मोकाट होतात. आणि तीच सून दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या हातांनी रानात खुरपायला बसते. तिला ‘हातमोजे घाल’ असे मात्र कुणी सांगत नाही. भीती खरी आहे, पण ती चुकीच्या जागी बसली आहे.

या भीतीचे नाव टॉक्सोप्लाझ्मा. हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी १९०८ साली ट्युनिसमध्ये एका उंदीरवर्गीय प्राण्यात सापडला. त्याचे जीवनचक्र मांजराच्या आतड्यात पूर्ण होते, हे कळायला पुढे साठ वर्षे लागली. संसर्ग झालेला उंदीर किंवा कच्चे मांस खाल्ले की मांजराला हा परजीवी लागतो आणि त्याची सूक्ष्म बीजे विष्ठेतून बाहेर पडतात. निरोगी माणसाला त्याची लागण झाली तर बहुधा काही कळतही नाही. फार तर बारीक ताप येतो, मानेला गाठी येतात.

गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर मात्र परजीवी वारेतून गर्भापर्यंत जाऊ शकतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी असते, पण पोचला तर गर्भपात, मेंदूत पाणी साठणे, डोळ्यांच्या पडद्याला इजा असे गंभीर परिणाम होतात. शेवटच्या महिन्यांत पोचण्याची शक्यता जास्त, इजा त्या मानाने सौम्य. काही बाळांत जन्मावेळी काहीच दिसत नाही आणि दृष्टीदोष काही वर्षांनी उमगतो. पण जिला गरोदर राहण्यापूर्वीच ही लागण होऊन गेली आहे, तिच्या शरीरातील प्रतिकारशक्ती बाळाचेही रक्षण करते.

आता मांजराचा यातला वाटा पाहू. बहुतेक मांजरे आयुष्यात साधारण एकदाच, एक ते तीन आठवडे ही बीजे टाकतात. ताज्या विष्ठेतली बीजे लगेच लागण करू शकत नाहीत. त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराला कुरवाळल्याने किंवा ते मांडीवर बसल्याने हा आजार सहसा होत नाही. युरोपातील सहा शहरांत गरोदर स्त्रियांवर झालेला अभ्यास २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात सर्वाधिक लागण अर्धकच्च्या मांसातून झाल्याचे दिसले, त्यानंतर मातीतून. मांजराच्या सहवासाचा धोका त्यात आढळला नाही.

आपल्याकडे मांस सहसा चांगले शिजवले जाते. म्हणून नजर मातीकडे वळवायला हवी. मांजर मऊ माती उकरून विष्ठा पुरते आणि ती बीजे ओलसर मातीत वर्षभरही टिकतात. हळदीचे कंद वेचताना, खुरपताना, अंगण सारवताना हात त्याच मातीत असतात. ओल्या भुईमुगाच्या शेंगा उपटून तिथेच फोडून खाल्ल्या जातात, काकडी-गाजर पदराला पुसून तोंडात जाते. काहींना माती किंवा चुलीची भाजकी माती खाण्याचे डोहाळे लागतात. हे डोहाळे कौतुकाने पुरवायचे नसतात. त्यामागे बहुधा लोहाची कमतरता असते, तिची तपासणी करायची असते. पाण्याचेही तसेच. २००४-०५ मध्ये कोइंबतूर शहरात या परजीवीमुळे दोनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांना आजार झाला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. ही बीजे क्लोरीनने मरत नाहीत, पाणी उकळल्यावर मरतात.

मग मांजर असलेल्या घरात करायचे काय? मांजराची विष्ठा रोजच्या रोज उचलावी आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावे. तसे कुणी नसेल तर हातमोजे घालून करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मांजराला कच्चे मटण, कोंबडीची आतडी घालू नयेत. या नऊ महिन्यांत नवे पिल्लू आणू नये. नुकतीच शिकार करू लागलेली पिल्ले बीजे टाकण्याची शक्यता जास्त असते. बांधकामाची वाळू झाकून ठेवावी. शेतात हातमोजे घालावेत आणि भाकरी सोडण्याआधी हात साबणाने धुवावेत. भाज्या, फळे वाहत्या पाण्यात धुवावीत. मटण आत लालसर राहू देऊ नये. कच्च्या मटणाची सुरी आणि पाट धुतल्याशिवाय कोशिंबीर चिरू नये.

गैरसमजाची आणखी एक जागा म्हणजे ‘टॉर्च’ तपासणी. एकदोनदा गर्भपात झाला की ती केली जाते, अहवालात टॉक्सोप्लाझ्माचे आयजीजी ‘पॉझिटिव्ह’ येते आणि सारा दोष मांजरावर, कधी त्या बाईवरच टाकला जातो. आयजीजी म्हणजे बहुधा जुनी, संपलेली लागण. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे ते कारण ठरत नाही. आयजीएमसुद्धा कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून एका कागदावरून निष्कर्ष काढू नये. अविडिटीसारख्या पुढच्या चाचण्या असतात. लागण खरोखर नवी असेल तर औषधेही आहेत. ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

याउलट, मांजराच्या ज्या धोक्याला खरोखर घाबरायला हवे, तो दुर्लक्षित राहतो. मांजर चावले किंवा रक्त येईल असे ओरखडले तर रेबीज होऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. लस तिथे मोफत मिळते. ‘पोटात बाळ आहे’ म्हणून लस टाळण्याचे कारण नाही. गरोदर स्त्रीला लस आणि गरज असल्यास जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही देता येतात. मांजरालाही दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची विशेष तपासणी होते. वजन, रक्तदाब आणि रक्त तपासताना प्रत्येकीला दोन प्रश्न जरूर विचारले जावेत: शेतात काम करता का, आणि जेवणाआधी साबण हाताशी असतो का? आशाताईंच्या गृहभेटीतही हे बोलणे व्हावे. शेतमालकांनी मजूर बायांसाठी बांधावर पाण्याचा हंडा, साबण आणि हातमोजे ठेवावेत. हा खर्च फार नाही आणि त्याने जंत, हगवण, कावीळ यांनाही आळा बसतो. मांजर शेजारच्या शिवारात सोडून आल्याने यातले काहीच साधत नाही.