भारत स्टेज इंडियाचे, भुर्दंड भारतावर



गाडीच्या धुरासाठी सरकारने जी मापे ठरवली आहेत त्यांना नाव मोठे नामी दिले आहे : भारत स्टेज. १ एप्रिल २०२० पासून साऱ्या देशात सहावे भारत स्टेज लागू झाले. पाचवे गाळून चौथ्यावरून थेट सहाव्यावर उडी मारली. इंडिया आणि भारत वेगळे आहेत हे शरद जोशींनी शिकवले त्याला चाळीस वर्षे उलटून गेली. तरी या नावाची गंमत कोणाच्या ध्यानात येत नाही. माप ठरले शहराच्या गाडीसाठी, नाव दिले भारताचे, आणि बिलाचा चांगला मोठा वाटा पुन्हा भारताच्याच खात्यावर मांडला.

आधी एक गोष्ट साफ करून टाकू. डिझेलचा धूर विषारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो असा स्वच्छ निर्वाळा दिला. हा धूर दिल्ली-मुंबईतच निघतो असे थोडेच आहे? ज्वारीच्या मळणीला थ्रेशरपाशी पदर तोंडाला बांधून उभी राहणारी बाई, विहिरीवरच्या इंजिनाशी वाकून हँडल मारणारा पोरगा, यांच्या छातीत तो आधी जातो. तेव्हा 'आम्हाला धूर चालतो, शहरवाल्यांना चालत नाही' असले भांडण आमचे नाही. उलट स्वच्छ इंजिन पहिल्यांदा आम्हालाच पाहिजे. नवे तंत्रज्ञान नको म्हणणाऱ्यांतले आपण कधीच नव्हतो. बियाण्याच्या बाबतीत तर ते मिळावे म्हणून २०१९ साली अकोला जिल्ह्यात सत्याग्रह करून शेतकऱ्यांनी अंगावर खटले घेतले. भांडण आहे ते खर्च कोण भरतो आणि मुखत्यारी कोणाच्या हाती राहते, याचे.

मध्यंतरी आमची काही मंडळी रायगड किनाऱ्यावर मच्छीमार भावांशी बोलायला गेली होती. अलिबाग-मुरूड रस्त्यावर काशीद लागते. पांढरी वाळू, सुरूचे बन. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने त्या बनाची फार खराबी केली. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट माणसे आणणारी रो-रो बोट सुरू झाली, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी काशीदला गाड्यांची रांग पाहून घ्यावी. मालक वाळूत, ड्रायव्हर गाडीत, काचा बंद, इंजिन चालू, कारण आतला गारवा जाता कामा नये. गाडी सहाव्या भारत स्टेजची, म्हणजे कागदोपत्री निर्मळ. आणि जवळच बोर्ली, कोर्लई, मुरूडच्या बंदरात डिझेलवर चालणाऱ्या होड्या. गाडीला लागणारे भारत स्टेजचे माप त्या इंजिनांना लागू नाही. काळा धूर सरळ नाखव्याच्या तोंडावर येतो.

त्या नाखव्यांनी जो प्रश्न काढला तो आमच्याही पोटातला निघाला. १९९९ पासून सरकार डिझेलवर रस्त्यासाठी अधिभार घेते. सुरुवातीला लिटरला एक रुपया होता. पुढे तो अनेकदा वाढला, कधी कमी झाला. होडी कुठल्या रस्त्याने जाते? आणि आमचा ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावून वावरात फिरतो तो कुठल्या हमरस्त्यावर? कोकणातल्या मच्छीमाराला राज्याच्या विक्रीकराचा परतावा मिळायची सोय निदान कागदावर तरी आहे. आधी पूर्ण भावाने डिझेल घ्यायचे, मग सोसायटीमार्फत परताव्याची वाट पाहायची, आणि तो महिनोन्‌महिने थकायचा. कापूस-ज्वारीवाल्याला तेवढेही नाही.

याच्यावर कडी पुढेच आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात डिझेलवर लिटरला ४ रुपये नवा अधिभार आला. त्याचे नाव काय ठेवले? कृषी पायाभूत सुविधा व विकास अधिभार! मूळ कर तेवढा कमी केला, म्हणून पंपावरचा भाव वाढला नाही, असे सांगण्यात आले. खरे आहे. पण अर्थ काय झाला? शेतीच्या विकासासाठी शेतकऱ्यानेच नांगरटीच्या डिझेलवर लिटरमागे ४ रुपये भरायचे, आणि वर्तमानपत्रात छापून यायचे की सरकार शेतीवर खर्च करते.

आता हे निर्मळ इंजिन असते तरी काय, ते समजून घेऊ. कारण न समजलेल्या गोष्टीतच आपल्याला गंडवतात. डिझेल जळताना दोन जिन्नस मुख्य निघतात : काजळी, आणि फार उष्णतेत हवेतल्या नायट्रोजनपासून होणारे विषारी वायू. यांचे नाते सासू-सुनेचे. जाळ कडक केला तर काजळी कमी होते पण वायू वाढतो. जाळ मंद केला तर वायू कमी, काजळी जास्त. म्हणून नुसते इंजिन सुधारून भागत नाही, धुराड्यातही काम करावे लागते. थोडा धूर परत इंजिनात फिरवून जाळ मंद करतात. काजळीला धुराड्यात चाळणी बसवतात. ती भरली की सुमारे सहाशे अंश तापवून आतली काजळी जाळून टाकावी लागते. गाडी नुसती जागेवर उभी धडधडत राहिली, किंवा हलक्या कामावर थोडी थोडी चालली, तर चाळणी तापत नाही आणि तुंबते. या साऱ्या यंत्रणेला गंधक चालत नाही, म्हणून आधी डिझेल धुऊन काढावे लागले. २००० साली दहा लाख भागांत अडीच हजार भाग गंधक चालत असे, सहाव्या स्टेजला फक्त दहा. हे काम खरोखर चांगले झाले. त्याचा फायदा विहिरीवरच्या जुन्या इंजिनालाही थोडाफार मिळाला.

राहिला तो वायू. त्याच्यावरचा उतारा ऐकून तुम्ही चकित व्हाल. तो आहे युरिया! ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असे द्रावण धुराड्यात फवारतात, त्याचा अमोनिया होतो आणि विषारी वायूचे साधा नायट्रोजन आणि पाणी होऊन जाते. नवे ट्रक आणि बऱ्याच मोठ्या गाड्या यावरच चालतात. ते द्रावण संपले तर गाडीचा जोर कमी केला जातो किंवा ती पुन्हा चालूच होत नाही. दक्षिण कोरियात २०२१ च्या शेवटी चीनने युरिया अडवला तेव्हा सारी ट्रक-वाहतूक बंद पडते की काय अशी वेळ आली होती.

आता हिशेब करा. शंभर लिटर द्रावणाला सुमारे ३५ किलो युरिया. म्हणजे आपल्या ४५ किलोच्या एका पोत्यात सव्वाशे लिटरच्या वर. या कामाला तांत्रिक दर्जाचा शुद्ध युरिया लागतो आणि तो खुल्या भावाने घ्यावा लागतो. शेतीचा युरिया सरकारी दराने २६६ रुपये ५० पैशाला पोते. एवढी तफावत ठेवली की चोरवाटा पडणारच. चोरी थांबावी म्हणून २०१५ साली सगळ्या युरियाला कडुनिंबाचे लेपन सक्तीचे केले. तरी २०२२ साली केंद्राच्या भरारी पथकांना धाडी घालून उद्योगांकडे वळवलेला शेतीचा युरिया पकडावा लागला. असला लेपनाचा युरिया द्रावणात गेला तर गाडीची महागडी यंत्रणा खराब होते ती वेगळीच. इकडे पऱ्हाटीला दुसरा हप्ता द्यायच्या वेळी कास्तकार कृषी केंद्रासमोर ओळीत उभा, आणि एक पोते पाहिजे तर सोबत ही बाटली घ्या, ते पाकीट घ्या. त्याला सांगतात, तुम्ही लोक युरिया फार वापरता.

ट्रॅक्टरकडे वळू. ट्रॅक्टरला धुराचे पहिले माप १९९९ साली लागले. ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून कडक माप आले, तेही पुढे ढकलत ढकलत. त्याखालच्या ट्रॅक्टरांसाठी पुढचा टप्पा आधी २०२४ चा ठरला, मग २०२६ वर नेला. कोणी म्हणेल, कोरडवाहूवाल्याकडे कुठे आला ट्रॅक्टर? बरोबर. आमच्यातले बहुतेक जण भाड्यानेच नांगरटी करतात, बैलजोडी तर गावागावांतून नाहीशी होत चालली आहे. पण ट्रॅक्टर महागला की एकराचा दर महागतो. ट्रकवाला वाढलेला खर्च भाड्यात घालतो, कारखानदार किमतीत घालतो. कापूसवाला कशात घालणार? ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले, आणि मग ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. गिरणीला माल स्वस्त मिळावा म्हणून एका फटक्यात निर्णय होतो.

मापे पाळली जातात की नाही हेही पाहा. २०१५ साली फोक्सवॅगन या जर्मन कंपनीची लबाडी अमेरिकेत उघडी पडली : तपासणी चालू आहे हे गाडी स्वतः ओळखत असे आणि तेवढ्यापुरती सभ्यपणे वागत असे. त्याच वर्षी भारतातल्याही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली ५०० कोटींचा दंड सुनावला. सक्तीची वसुली सर्वोच्च न्यायालयाने थांबवली. वावरात धसकटे पेटवणाऱ्या कास्तकाराच्या दंडाला अशी स्थगिती मिळाल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

शिवाय दुरुस्तीचे काय? जुने इंजिन तालुक्याचा मिस्त्री दोन पाने आणि एक हातोडी घेऊन चालू करी. नव्याला कंपनीचा संगणक लावल्याशिवाय दोष कळत नाही. मृगाचा पाऊस पडून गेला, वाफसा निघून चालला, आणि कंपनीचा माणूस परवा येणार! अमेरिकेतले शेतकरी याच कारणावरून मोठ्या ट्रॅक्टर कंपनीशी भांडत आले. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्राच्या दुरुस्तीचा हक्क कायद्यानेच दिला. इथे तसा कायदा नाही.

ब्रिटनमध्ये शेतीचे डिझेल लाल रंगाचे असते आणि त्यावर कर बराच कमी. २०२२ साली बांधकामासारख्या अनेक धंद्यांची ती सवलत काढली, शेतकरी आणि मच्छीमारांची ठेवली. अमेरिकेतही शेतातल्या रंगीत डिझेलवर रस्त्याचा कर नाही. आपल्याकडे रंगाची युक्ती चालणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे. निळे रॉकेल कुठे कुठे मुरले ते सर्वांनी पाहिले. म्हणून मागणी सोपी ठेवावी : सात-बारा आणि पीक पाहणीच्या नोंदीवरून एकरी डिझेलचा हिशेब धरून रस्त्याचा आणि 'कृषी विकासा'चा अधिभार थेट खात्यात परत करावा. ही सबसिडी नाही. जो कर लावायलाच नको होता तो परत मागतो आहोत. तेवढा परतावा सुरू होईपर्यंत ५० हॉर्सपॉवरच्या खालच्या ट्रॅक्टरला नवे माप लावू नये. आणि लावताना दोष शोधायची साधने तालुक्याच्या मिस्त्रीला विकत मिळाली पाहिजेत. किनाऱ्याचे मच्छीमार पहिल्या मागणीला बरोबर यायला तयार आहेत.

जाता जाता एक. पंपाचा फुटव्हॉल्व गळका असेल, पाइप बारीक असेल, तर पाणी तेवढेच आणि डिझेल जास्त. हे दुरुस्त करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

जिल्हा बैठकीला येताना या हंगामात नांगरटी, रोटाव्हेटर, पेरणी आणि मळणीला एकरी किती पैसे दिले आणि गेल्या हंगामात किती दिले होते, हे कागदावर लिहून आणा. ट्रॅक्टरवाल्या भावांनी एकरी किती लिटर डिझेल जाते ते लिहावे. काळी जमीन आणि हलकी जमीन वेगळी मांडावी. मुखत्याराने गावाचे कागद एकत्र करून बैठकीच्या सुरुवातीलाच द्यावेत, म्हणजे मागणीतला एकरी आकडा त्याच दिवशी ठरवता येईल.