पांढरे म्हणजे रिकामे नव्हे

भेडाघाटचे संगमरवरी कडे पांढरे. मुले ज्या कागदावर त्यांचे चित्र काढतात, तो कागदही पांढरा. कडा कोठे संपतो आणि कागद कोठे सुरू होतो, हे माणसाच्या डोळ्याला सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ते सांगावे लागते, आणि तेही एकेका ठिपक्याचे. संगणकावरच्या खेळासाठी स्वतःची चित्रे तयार करू पाहणाऱ्या मुलांना पहिली ठेच लागते ती येथेच.

जबलपूरशी मराठी माणसांचा संबंध जुना. नागपूरकर भोसल्यांचा अंमल तेथे १८१७ पर्यंत होता आणि पुढे १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते. शहरालगतच्या खमरियात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती कामगारांची वसाहत वाढली. समजा, अशा वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या मराठी घरातल्या मुलाने एक खेळ रचायचे ठरवले. खेळ साधाच. नर्मदेतून नाव हाकायची, भेडाघाटच्या कड्यांना न आपटता. नाव त्याने कागदावर हौसेने रंगवली, फोनने तिचा फोटो काढला आणि खेळात घातला. पाहतो तो काय, नदीत तरंगत होती एक पांढरी पाटी आणि नाव त्या पाटीवर बसलेली!

“त्यात काय एवढं? पांढरं पुसून टाक की,” कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा म्हणणार.

“पुसलं तरी खाली पांढरंच उरतं, आजोबा!”

नातवाचे म्हणणे खरे आहे. संगणकावरचे चित्र नेहमी चौकोनीच असते. ६४ ठिपके रुंद आणि ६४ ठिपके उंच अशा छोट्या चित्रातही ४,०९६ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. तिन्ही आकडे २५५ झाले की पांढरा रंग. खोडरबर फिरवला तरी साध्या चित्रात संगणक तेथे पांढराच रंग भरतो. ‘येथे काहीच नाही’ असे सांगणारा आकडा या तिघांत नाहीच.

गुलाबी पडद्याची युक्ती

जुन्या काळच्या खेळांनी यावर एक युक्ती काढली होती. एक रंग ठरवून टाकायचा आणि संगणकाला बजावायचे, ‘हा रंग दिसला की तेथे काही काढू नकोस.’ त्यासाठी अनेकदा भडक गुलाबी-जांभळा रंग घेत, म्हणजे तांबडा २५५, हिरवा ० आणि निळा २५५. कारण सोपे आहे. झाड, माणूस, दगड, पाणी यांत असा रंग सहसा सापडत नाही. पांढरा रंग ठरवला असता, तर भेडाघाटच्या कड्यांनाच भोके पडून त्यांतून पलीकडची नदी दिसली असती!

जिफ या चित्रप्रकारातही १९८९ पासून अशीच सोय आली. त्यात एका रंगाला पारदर्शक म्हणून नेमता येते. पण या पद्धतीत ठिपका एकतर आहे, नाहीतर नाही. अधलेमधले काही नाही. त्यामुळे गोल कडा जिन्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. आणि धुवांधार धबधब्याचे तुषार कसे दाखवायचे? ते तर अर्धे दिसतात आणि अर्धा मागचा खडक दाखवतात.

चौथा आकडा

उत्तर मिळाले ते चौथ्या आकड्यात. एड कॅटमल आणि अॅल्व्ही रे स्मिथ या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांच्या जोडीला आणखी एक आकडा दिला आणि त्याला ‘अल्फा’ हे ग्रीक अक्षराचे नाव ठेवले. अल्फा ० म्हणजे ठिपका पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण भरीव. मधले सारे आकडे कमी-अधिक पारदर्शकतेचे. तुषाराचा ठिपका पांढरा, म्हणजे २५५. मागचा खडक काळपट, समजा ५५. आणि अल्फा निम्मा, म्हणजे १२८. दोघांचे निम्मे निम्मे घेतले की पडद्यावर १५५ च्या आसपासचा राखी रंग येतो आणि डोळ्यांना धुके दिसते. एवढाच हिशेब. १९८४ मध्ये टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र ठेवण्याचे नियम नीट बांधून दिले. या कामासाठी चौघांना १९९६ साली ऑस्करच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी पीएनजी हा चित्रप्रकार आला. त्यात हा चौथा आकडा साठवता येतो. आज खेळांतील सुट्या चित्रांसाठी तोच सर्रास वापरतात. माइनक्राफ्ट या खेळातल्या पात्राचा पोशाख म्हणजेही ६४ गुणिले ६४ ठिपक्यांचे पीएनजी चित्रच असते.

कल्पना मात्र फार जुनी आहे. दारात रांगोळीचा छापा ठेवून गृहिणी रांगोळी पसरते, तेव्हा भोकांतून ती खाली जाते आणि बाकीची पत्र्यावर अडते. लष्करी सामानाच्या पेट्यांवरची अक्षरेही अशाच कापलेल्या पत्र्यातून रंगवतात. मूकपटांच्या काळात, दादासाहेब फाळके पौराणिक चमत्कार पडद्यावर आणत होते तेव्हा, कॅमेऱ्यापुढचा काही भाग काळ्याने झाकून, फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर पुन्हा चित्रण करण्याची रीत होती. झाकलेला भाग कोरा राहायचा आणि दुसऱ्या खेपेला त्यातच दुसरे दृश्य बसायचे. कोरी जागा आपोआप मिळत नाही, ती राखावी लागते.

कृती

नातवाने आता काय करावे? जिम्प हा चित्रे सुधारण्याचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात नावेचे चित्र उघडावे. लेअर या मेनूत ट्रान्स्परन्सीखाली ‘अॅड अल्फा चॅनल’ आहे, ते आधी निवडावे. ही पायरी गाळली की पुढचे सारे पाण्यात! मग जादूच्या छडीसारखे दिसणारे ‘फझी सिलेक्ट’ घेऊन नावेबाहेरच्या पांढऱ्यावर टिचकी मारावी. हे साधन फक्त एकमेकांना लागून असलेले पांढरे ठिपके पकडते. म्हणून नावेचे पांढरे शीड, बाह्यरेषा कोठे तुटलेली नसेल तर, सुखरूप राहते. डिलीटचे बटण दाबताच मागे राखाडी चौकटी दिसू लागतात. त्या चौकटी म्हणजेच रिकामी जागा. कड्यांच्या चित्रात मात्र छडी फसते, कारण पांढऱ्याला पांढरे लागलेले असते. तेथे कडेने हातानेच रेघ फिरवावी लागते.

शेवटी ‘एक्स्पोर्ट’ करताना पीएनजीच निवडावे. जेपीजी प्रकारात चौथ्या आकड्याला जागाच नाही. तयार चित्र मित्राला व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले, तरी पारदर्शकता उडून जाते. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

कडेची पांढरी रेघ

एवढे करूनही नाव नदीत ठेवली की तिच्याभोवती बारीक पांढरी किनार दिसते. कडेच्या ठिपक्यांत नावेचा रंग आणि कागदाचा पांढरा मिसळलेला असतो. छडी त्यांना ओळखत नाही, कारण ते धड पांढरे नसतात आणि धड तपकिरीही. उपाय असा की, पार्श्वभूमी निवडल्यावर आणि पुसण्याआधी सिलेक्ट मेनूतल्या ‘ग्रो’ने निवड एका ठिपक्याने आत वाढवावी. चित्राखाली तात्पुरता गडद रंगाचा थर ठेवावा, म्हणजे उरलेली किनार लगेच दिसते.

येथे आजोबांचे डोळे चमकतील. यंत्रावरून उतरलेल्या सुट्या भागाच्या कडेला धातूची बारीक खरखर राहते आणि ती कानशीने साफ केल्याखेरीज भाग नीट बसत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको. नातू करतो आहे तेही तेच काम, फक्त कानस वेगळी.

मुलगा तासन् तास पडद्यापुढे बसला की घरच्यांचा जीव खालीवर होतो, आणि ते गैर नाही. खेळण्याचा आणि डोळ्यांच्या विश्रांतीचा वेळ ठरवून द्यायलाच हवा. पण रागावण्याआधी पडद्यावर डोकावून पाहावे. दुसऱ्याने रचलेल्या खेळात गुण मोजत बसणे वेगळे आणि नावेची एक कड स्वच्छ व्हावी म्हणून चारदा चित्र मोडून पुन्हा करणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात हिशेब आहे, निरीक्षण आहे आणि चिकाटीही आहे. अशा मुलाला एकच पथ्य सांगावे. दुसऱ्याची चित्रे उचलून आपली म्हणून मिरवू नयेत. स्वतःची नाव वाकडी असली तरी चालेल, पाण्यावर ती आपली दिसते.