पडल्यानंतरची सकाळ

दिवाळी अंकात काही हलकेफुलके लिहावे, असा या सदराचा शिरस्ता. यंदा मात्र मनातून केळझर हलत नाही. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

केळझर हे वर्धा जिल्ह्यातले, टेकडीवरच्या सिद्धिविनायकाचे गाव. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, आणि भीमाने बकासुर मारला तोही इथेच, असे गावकरी सांगतात. माझे आतेभाऊ तिथे राहतात. गांधीजींचा जिल्हा म्हणून वर्ध्यात कित्येक वर्षे दारूबंदी आहे. पण पिणाऱ्याला वाट सापडतेच. भाऊंनाही ती सापडली होती. पुढे औषधोपचार झाले आणि अकरा महिने त्यांनी थेंबाला स्पर्श केला नाही. त्या कौतुकाने मी पोळ्याला गेलो, तो भाऊ ओसरीवर आडवे! वास दारापर्यंत येत होता.

मी ओरडलोच, "संपलं सगळं! अकरा महिने पाण्यात!"

मी मराठीचा मास्तर. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो, नोकरी मागायला जाऊन अपमान पदरात घेतो, पुन्हा प्याला उचलतो, मग सर्वनाश. भाऊंकडे पाहताना मला तो पाचवा अंकच दिसत होता.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, आता काही बोलू नका. जे बोलायचं ते सकाळी." त्यांनी भाऊंच्या अंगावर चादर घातली आणि त्या आत गेल्या.

सकाळी चहा पुढे ठेवून त्यांनी एकच विचारले, "पिण्याआधी काय झालं होतं?"

भाऊ बराच वेळ गप्प होते. मग हळूहळू उलगडा झाला. यंदा बैलजोडी विकावी लागली होती. तोरणाखाली दुसऱ्यांचे सजवलेले बैल पाहून पोटात कालवले. सकाळपासून जेवण नव्हते. जुना सोबती भेटला. शिवाय आठवडाभर गोळ्याही बंद होत्या. "आता बरा झालो" म्हणून!

त्याच दिवशी आम्ही तिघे वर्ध्याला डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढतो का? उपचार तपासतो." अमेरिकेतील व्यसन-संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेनुसार, या आजारातून उठणाऱ्या शंभरांपैकी चाळीस ते साठजण पुन्हा घसरतात. म्हणून घसरणे क्षुल्लक ठरत नाही. घरातले पैसे वहिनींच्याच हाती राहतील आणि सणावाराला भाऊ एकटे राहणार नाहीत, असे तिथेच ठरले.

डॉक्टरांनी एक गोष्टही सांगितली. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावचे शल्यवैद्य डॉ. बॉब स्मिथ यांनी १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन या सहव्यसनीच्या संगतीने दारू सोडली. थोड्याच आठवड्यांत ते वैद्यांच्या अधिवेशनाला गेले आणि पिऊन परतले. बिलने त्यांना दूर लोटले नाही. १० जून १९३५ ला डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला. पुढे १९५० साली मृत्यू येईपर्यंत ते प्याले नाहीत. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना आपला स्थापनादिन तोच मानते. म्हणजे आज आपल्याकडेही जिच्या बैठका भरतात, ती संघटना आपले वय एका घसरलेल्या माणसाच्या पुन्हा उठण्यापासून मोजते!

मला माझे "संपलं सगळं" आठवले आणि मान खाली गेली. नाटकाला पाचव्या अंकानंतर पडदा असतो. घराला दुसऱ्या दिवशीची सकाळ असते.

निघताना भाऊ ओशाळून म्हणाले, "आज चौथा दिवस."

"आणि आधीचे अकरा महिने?" मी म्हटले. "ते कुठं गेले नाहीत."

वहिनी हसल्या. "भीमाचं बरं होतं, भाऊजी. त्यानं बकासुर एकदाच मारला. आम्हाला रोज मारावा लागतो."

दिवाळीला पुन्हा केळझरला जाणार आहे. कितवा दिवस, हे विचारणार नाही. भाऊंच्या शेजारी बसून फराळ करीन.