दमट किनाऱ्यावर ह्युमिडिफायर : आधी मोजा, मग घ्या

घरगुती वस्तूंच्या दुकानांत आता पंखा, मिक्सर आणि इस्त्रीच्या रांगेत ह्युमिडिफायर नावाचे एक लहान यंत्र दिसू लागले आहे. टाकीत पाणी भरावे, बटण दाबावे की तोंडातून धुके निघू लागते. दिसायला सुरेख, भेट द्यायला सोयीचे. आखातातून सुट्टीवर येणारे आपले लोकही ते सामानात घेऊन येतात. प्रश्न एवढाच की सफाळे, दातिवरे, पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात त्याची गरज किती? आमचे स्पष्ट मत असे की बहुतेक घरांना ती नाही आणि काही घरांना तर ते अपायकारक ठरेल.

हे यंत्र कोरड्या मुलखासाठी आहे. थंड देशांत हिवाळ्यात बाहेरची गार हवा घरात तापवली जाते, तेव्हा तिच्यातील सापेक्ष आर्द्रता फार खाली येते. रियाधसारख्या वाळवंटी शहरात तर हवाच मुळात कोरडी. ओठ फुटतात, घसा सुकतो, नाकातून रक्त येते. तेथे ह्युमिडिफायर घेणारा माणूस शहाणाच म्हणावा. पण दातिवरे हे वैतरणेच्या मुखाशी, समुद्राला लागून वसलेले गाव. येथे दिवसा खारे वारे वाहतात आणि पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत यंत्राने आणखी ओल घालणे म्हणजे भरल्या रांजणात पाणी ओतणे होय.

घरातील आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी आणि ६० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मार्गदर्शन आहे. त्यापुढे भिंतीवर बुरशी धरते, गादी-उशीत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात आणि दम्याच्या रोग्याला या दोन्हींचा त्रास होतो. मुलाला दमा आहे म्हणून आई-बाप काळजीपोटी हे यंत्र घेतात आणि बंद खोलीत रात्रभर चालवतात. औषध म्हणून आणलेली वस्तूच मग दुखणे वाढवते. अशा घरांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

कारागिरांचे नुकसान वेगळेच. आपल्याकडे पुष्कळांचे घर हेच दुकान आणि तोच कारखाना. ओलीने चामड्यावर बुरशी येते, शिंप्याच्या कपड्यांना कुबट वास लागतो, सुताराचे लाकूड फुगते. चिंचणीकडे दागिन्यांचे डाय घरोघरी बनतात, तेथे लोखंडाला गंज हा शत्रूच.

मग या भागात ते कोणालाच नको काय? तसेही नाही. हिवाळ्यात जमिनीवरून कोरडे वारे येतात, त्या दिवसांत काहींचा घसा सुकतो. दुसरे कारण एअर कंडिशनर. त्याच्या नळीतून बाहेर टपकणारे पाणी म्हणजे तुमच्या खोलीतल्या हवेतलेच पाणी. रात्रभर १८ अंशांवर झोपणाऱ्याचा घसा सकाळी कोरडा पडला तर त्याने प्रथम यंत्र २५-२६ अंशांवर ठेवून पाहावे. बहुधा तेवढ्याने भागेल, आणि विजेचे बिलही उतरेल.

म्हणून पहिली खरेदी आर्द्रतामापकाची करावी. हे छोटे घड्याळवजा साधन काही शे रुपयांत मिळते. आठवडाभर सकाळ-रात्र आकडा पाहावा. तो सतत ३०च्या खाली राहिला, तरच ह्युमिडिफायरचा विचार करावा.

घ्यायचाच तर प्रकार समजून घ्यावा. वाफेच्या यंत्रात पाणी उकळते, त्यामुळे जंतू मरतात. पण लहान मुले भाजण्याची भीती असते आणि वीज जास्त लागते. ध्वनिलहरींचे यंत्र स्वस्त आणि शांत असते, पण पाण्यात जे असेल ते सारे हवेत उडवते. किनाऱ्याच्या मचूळ बोअरचे पाणी भरले तर क्षारांची पांढरी भुकटी सामानावर आणि छातीत बसेल. त्यात डिस्टिल्ड पाणीच घालावे. ओल्या वातीवर पंखा फिरवणारे तिसरे यंत्र त्या मानाने बरे, मात्र त्याची वात वेळोवेळी बदलावी लागते. कोणतेही घ्या, पाणी रोज बदला आणि टाकी घासून कोरडी करा.

टाकीत जंतुनाशक औषध मात्र कधीही घालू नये. दक्षिण कोरियात अशी औषधे १९९४ पासून खुल्या बाजारात विकली जात होती. धुक्याबरोबर ती फुप्फुसांत गेली आणि शेकडो माणसे, त्यात गरोदर स्त्रिया व लहान मुले, मरण पावली. कारण उघड होऊन विक्री थांबली ती २०११ साली.

मालाला ओल हवी आणि माणसाला नको, हा झगडाही जुना आहे. सूत कोरडे पडले की तुटते. म्हणून लँकेशायरच्या विणकाम शाळांत वाफ सोडत. कामगारांच्या छातीवर परिणाम होतो अशी ओरड झाली, तेव्हा १८८९ साली ब्रिटनमध्ये त्या ओलीवर कायद्याने मर्यादा घालावी लागली. मालेगावसारख्या कोरड्या गावी यंत्रमागाला ओल लागते हे खरे, पण तेथेही मोजमाप हवेच.

आता दुकानदार बांधवांना एक विनंती. पालघर-बोईसरच्या गिऱ्हाइकाने ह्युमिडिफायर मागितला तर 'कशासाठी हवा?' एवढे विचारा. गरज नसेल तर तसे सांगा आणि मापक द्या. एक विक्री जाईल, हे खरे. पण पावसाळ्यात भिंतीवर बुरशी आली की गिऱ्हाईक यंत्राला दोष देत नाही, ते देणाऱ्या दुकानाला देते. लहान गावात दुकान चालते ते त्याच त्या गिऱ्हाइकांच्या पुन्हा येण्यावर. नफा थोडा उशिरा आला तरी चालेल, विश्वास गेला तर तो परत येत नाही.