मुलग्यांनाही बोलू द्या



मुलगी जरा मोठी झाली की आपण तिला चार गोष्टी समजावतो. कोणी नको तिथे हात लावला तर लगेच सांग, म्हणतो. मुलाला काय सांगतो? "मुलीसारखा रडतोस काय?" त्याच्या बाबतीत असं काही घडेल हे आपल्या मनातच येत नाही.

मी कॉमर्सची. आकडा पाहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. लैंगिक त्रास झाल्याचं सांगणाऱ्यांत जवळजवळ ५३ टक्के मुलगे होते!

२०१२चा पोक्सो कायदा म्हणूनच मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पोलीस साध्या वेशात घरी येऊन जबाब घेतात, आईवडील जवळ बसू शकतात, नाव छापायला बंदी असते, कोर्टात मुलाला आरोपीसमोर आणायचं नसतं. नुकसानभरपाईचीही सोय आहे. आणि माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. म्हणजे "घराण्याची अब्रू" म्हणून झाकणं कायद्याला मान्य नाही.

पण मुलाला अठरा पूर्ण झाली की हे छत्र जातं. मोठ्या पुरुषावरच्या बळजबरीसाठी इंग्रजांच्या काळचं ३७७ कलम होतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सज्ञान व्यक्तींचे राजीखुशीचे संबंध त्यातून वगळले, बळजबरी मात्र गुन्हाच ठेवली. १ जुलै २०२४ला आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच घेतलं नाही, आणि बलात्काराच्या व्याख्येत पीडित फक्त स्त्री आहे. मग हॉस्टेलात राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने कुठे जायचं? मारहाण, दुखापत अशा कलमांवर भागवायचं? संसदेच्या समितीने २०२३ मध्येच ही उणीव दाखवून दिली होती.

कोणी म्हणेल, यामुळे बायकांचे कायदे ढिले पडतील. तसं नाही. २०१३ मध्ये वर्मा समितीनेही पीडित कोणीही असू शकतो, असंच सुचवलं होतं. मुलींच्या ताटातलं काढून मुलांना वाढायचं नाहीये, एक ताट जास्त मांडायचं आहे.

कायदा बदलायची मागणी आपल्या खासदाराकडे करूच. पण घरातलं काम आपल्या हातात आहे. मुलगा काही सांगू लागला तर "तू ओरडला का नाहीस?" असं विचारू नका. आधी म्हणा, "माझा तुझ्यावर विश्वास आहे, चूक तुझी नाही." अंगावरचे कपडे धुऊ नका, डॉक्टरांकडे न्या. मूल लहान असेल तर १०९८ वर फोन करा.

पर्युषणात आपण मौन धरतो ते स्वतःच्या इच्छेने. भीतीपोटी लेकराने धरलेलं मौन वेगळं. ते त्याला आतून पोखरतं, आणि ते त्याच्यावर लादणं ही हिंसाच आहे.