चुलीपाशी : बर्फातला चहा

मागच्या अंकातल्या थालीपिठांवर बऱ्याच मैत्रिणींचे फोन आले, त्याबद्दल आभार. आता उन्हाळी अंक, तेव्हा काहीतरी थंडगार हवं. पन्हं, मठ्ठा, कोकम सरबत हे सगळं या पानावर येऊन गेलंय. म्हणून या खेपेला चक्क चहा, तोही बर्फातला. नाकं मुरडू नका! मीही बरीच वर्षं मुरडलं. आपला चहा म्हणजे आलं ठेचून, दूध घालून उकळलेला, जीभ पोळणारा. गार झालेला चहा आमच्याकडे कुंडीतल्या झाडाला जायचा.

जॉर्जियात राहणाऱ्यांना सांगायला नकोच. इथे हॉटेलात नुसतं 'टी' म्हटलं की बर्फाने भरलेला उंच ग्लास समोर येतो, आणि बहुतेक वेळा तो गोडच असतो. २००३ साली इथल्या काही आमदारांनी एप्रिल फूलची गंमत म्हणून विधेयक मांडलं होतं की बर्फाचा चहा विकणाऱ्या हॉटेलाने गोड चहाही ठेवलाच पाहिजे, नाहीतर गुन्हा! सेंट लुईसच्या १९०४च्या जागतिक प्रदर्शनात उकाड्यामुळे कुणी गरम चहा घेईना, म्हणून ब्लेचिंडेन नावाच्या गृहस्थाने त्यात बर्फ टाकला, ही गोष्ट सगळे सांगतात. पण व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या १८७९ सालच्या एका पुस्तकात बर्फाच्या चहाची कृती आहे. तीही हिरव्या चहाची, सकाळी करून रात्रीच्या जेवणाला घ्यायची.

पण मी या चहाच्या वाटेला गेले ती अण्णांमुळे. माझे सासरे. सासूबाई गेल्यानंतर दोन वर्षांपूर्वी प्रथमच एकटे आले. आम्ही दोघं नोकरीवर, नातू कँपला, गाडी चालवता येत नाही. सांगलीत रोज चौकात चार माणसं भेटायची, इथे रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या आजीबाईंशी त्यांची ओळख झाली. त्याही एकट्याच. रोज चारच्या सुमाराला अण्णा त्यांच्या पोर्चवर जाऊन बसायचे. आजीबाईंचं दक्षिणी इंग्रजी अण्णांना निम्मं कळायचं आणि अण्णांचं त्यांना बहुधा तेवढंच. पण दोघं तासभर बोलायची. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

अण्णांना मधुमेह. घरचा चहा बिनसाखरेचा, भात मोजून. तरी तिसऱ्या आठवड्यात सकाळची साखर १४० वरून २१० वर गेली. मी पोळ्या मोजल्या, फळं बंद केली, मुलाच्या बिस्किटांचा डबासुद्धा वर ठेवला. शेवटी एका शनिवारी मीच त्यांच्याबरोबर पोर्चवर गेले, आणि आजीबाईंनी काचेचा भलामोठा जार बाहेर आणला. "किती साखर घालता?" मी विचारलं. "फार नाही, गॅलनला दीड कप."

हिशोब करा. दीड कप म्हणजे साधारण ३०० ग्रॅम. गॅलनचे १६ कप. म्हणजे कपाला सुमारे १९ ग्रॅम, साडेचार चमचे. अण्णा दोन कप तरी सहज घेत. गार पदार्थाचा गोडवा जिभेला कमी लागतो, त्यामुळे पत्ता लागत नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तो चहा बंद करायला हवा." ते म्हणाले, "सूनबाई, बंद कर. पण मग मी तिथे जाऊन नुसता काय बसू?" यावर मला काही बोलता येईना.

तेव्हा ठरवलं, चहा आपणच करायचा आणि अण्णांच्या हाती पाठवायचा.

पहिला प्रयत्न फसला. घरातली ममरी उकळली, गार केली, फ्रिजमध्ये ठेवली. चिखलाच्या पाण्यासारखा गढूळ आणि कडू जहर! ममरी दुधाच्या कडक चहासाठीच असते. चहातली तुरट द्रव्यं आणि कॅफीन गार होताना एकमेकांना धरून बसतात, त्याने चहा गढुळतो. बिघडलेला नसतो, थोडं उकळतं पाणी घातलं की पुन्हा स्वच्छ होतो. तरी अख्ख्या पानाचा चहा बरा. मला निलगिरीचा सर्वांत मानवला.

कृती अशी : चार कप पाणी खळखळून उकळा. त्यात गवती चहाची तीन-चार पानं गाठ मारून आणि बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून पाच मिनिटं उकळू द्या. गॅस बंद करून आठ टीबॅग (किंवा आठ सपाट चमचे पत्ती) आणि चिमूटभर, अगदी चिमूटभरच, खायचा सोडा टाका. सोड्याने तुरटपणा मरतो. पाच मिनिटांत गाळा, टीबॅग पिळू नका. मग चार कप गार पाणी ओता, कोमट झाला की फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. देताना बर्फ, पुदिना, लिंबाची फोड. लिंबू पडताच रंग उजळतो, मुलांना ती गंमत फार आवडते.

काहीजणी जार उन्हात ठेवून 'सन टी' करतात. दिसतो सुरेख, पण नको. उन्हात पाणी जंतू मरण्याइतकं तापत नाही, उलट ते वाढायला सोयीचं कोमट होतं. म्हाताऱ्या माणसांना तर मुळीच देऊ नये.

गवती चहाची पानं देशी दुकानात क्वचितच मिळतात. व्हिएतनामी दुकानातून लेमनग्रासची जुडी आणा, दोन कांड्या पाण्यात उभ्या ठेवा, मुळं फुटली की कुंडीत लावा. थंडीत कुंडी गराजमध्ये.

पहिल्या दिवशी आजीबाईंनी एक घोट घेतला, अण्णांकडे पाहिलं आणि आत जाऊन साखरेचा डबा आणला. स्वतःपुरता. पंधरा दिवसांत त्या दोन चमच्यांवर आल्या. अण्णांचा आकडा परत १५० च्या आत आला.

अण्णा ऑक्टोबरात परत गेले. यंदा एप्रिलमध्ये आजीबाई कुंपणापाशी आल्या, "तुमच्या सासऱ्यांच्या त्या गवताचा तुकडा मिळेल का?" दोन कांड्या दिल्या आहेत, चांगल्या लागल्या. अण्णांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "पाणी जास्त घालू नका म्हणावं."